सुरईतून आणलेला फाज

नागपूरला जाऊन आले म्हटलं की पुण्यातली माणसं दोनच प्रश्न विचारतात: ऊन कसं होतं आणि संत्री आणलीस का. ऊन जसं असायला हवं तसंच होतं. संत्री आणली नाहीत, कारण माझे हात मोकळे नव्हते. एका हातात पिशवी होती आणि दुसऱ्या हातात मातीची सुरई. सुरईच्या पाण्यात दोरीने एक काचेची नळी सोडलेली होती आणि त्या नळीत माझी इतक्या वर्षांची मेहनत, माझी झोप आणि माझा पुढचा सगळा हिशेब होता. गाडीत समोरच्या बाकावरच्या काकूंनी त्या सुरईतलं पाणी दोनदा मागितलं आणि मी दोनदा नाही म्हणाले. त्या बाईंच्या मते पुण्याची माणसं पाणीसुद्धा देत नाहीत, आणि त्यांचा तो समज आता कुणी बदलू शकणार नाही.

त्या नळीत फाज होता. जिवाणूंनाही त्यांचे रोग असतात. त्यांना धरणाऱ्या विषाणूला फाज म्हणतात. हा जिवाणूच्या आत शिरतो, तिथे स्वतःसारखी ढीगभर पिल्लं करतो आणि घर फोडून बाहेर पडतो. बाहेर पडायच्या आधी प्रत्येक पिल्लाच्या डोक्यात त्याचा वारसा कोंबायचा असतो. त्या घाईत कधीतरी एखाद्या डोक्यात स्वतःच्या वारशाऐवजी जिवाणूचाच एखादा तुकडा भरला जातो. असा चुकून भरलेला फाज पुढच्या जिवाणूत गेला की त्याला मारत नाही, आधीच्या जिवाणूचा जीन त्याला देऊन टाकतो. परदेशात आता फाज उघडून त्यात हवा तो जीन मुद्दाम भरायला लागलेत असं आम्ही मासिकांत वाचतो. आमच्याकडे अजून फाजच्या चुकीची वाट पाहणं हाच धंदा आहे.

औषधाच्या कारखान्यात उपयोगी पडणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, बनवणारा जीन एका नाजूक, रडक्या जिवाणूत होता. तो मला एका दणकट जिवाणूत न्यायचा होता. ही ने-आण करणारा आमचा फाज होता, आणि फेब्रुवारीत तो बुडाला.

झालं असं की आमच्या लॅबमध्ये दुसराच एक फाज घुसला. कुठून आला ते कळलं नाही. हा आगंतुक वाळला तरी मरत नाही, धुळीबरोबर उडतो, पदराला आणि पुस्तकाला चिकटून घरोघर हिंडतो. जिवाणूंची साय धरलेली बशी संध्याकाळी ठेवावी आणि सकाळी फाजने जिवाणू खाऊन तिची चाळणी केलेली असावी, असं रोज व्हायला लागलं. आमच्या फाजच्या सगळ्या नळ्यांमध्ये हा मिसळला. माझी शिष्यवृत्ती दिवाळीला संपत होती. माझे मार्गदर्शक, ज्यांना आम्ही नुसतं सर म्हणतो, तेही तेव्हाच निवृत्त होणार होते. बाहेरून नवा फाज मागवायचा तर परवाने आणि बोटीच्या भानगडीत वर्ष जाणार. तेवढ्यात सरांना आठवलं की नागपूरच्या एका कॉलेजात शिकवणाऱ्या सुलोचनाबाईंना त्यांनी पूर्वी कधीतरी याच फाजची एक नळी दिली होती, आणि त्यांच्याकडे ती अजून शुद्ध असणार. "बाई कडक आहेत," सर म्हणाले. "त्यांच्याकडे असणारच."

बाईंचं उत्तर पोस्टकार्डावर आलं. या, पण लॅबमधली एकही वस्तू आणू नका. लॅबमध्ये घातलेली साडी, चप्पल, वही, पेन काही नको. निघायच्या आदल्या दिवशी केस धुवा. कॉलेजात येऊ नका, आधी घरी या. खाली सही. मी ते वाचून सासूबाईंना दाखवलं. आमच्या घरी सणावाराला अजून सोवळ्यात स्वयंपाक होतो. सासूबाई म्हणाल्या, "अगंबाई, या तर माझ्या वरताण निघाल्या."

ओसरी

रिक्षातून उतरले तेव्हा दुपारचा दीड वाजला असेल. आणीबाणी उठून एक-दोन वर्षं झाली होती आणि गल्लीच्या भिंतींवर निवडणुकीचे रंग अजून होते. घर छोटं, स्वच्छ, पुढे ओसरी, आणि आत भिंतीवर बुद्धाची तसबीर. छप्पन साली दीक्षा घेतलेलं हे घर. सुलोचनाबाई दारातच उभ्या होत्या. पन्नाशीच्या जवळ, सडपातळ, जाड भिंगांचा चष्मा.

"थांबा," त्या म्हणाल्या. "आत येऊ नका."

मी थांबले. नागपूरचं ऊन डोक्यावर पडतं असं आपण म्हणतो, पण ते खरं तर खालून, फरशीतून वर येतं. बाईंनी मागच्या मोरीत गरम पाणी ठेवलं होतं. एक धुतलेली सुती साडी, साबण, डोक्यासाठी शिकेकाई. माझे कपडे एका पातेल्यात उकळायला जाणार होते. खरं सांगते, मला राग आला. एवढ्या लांबून आलेल्या माणसाला पाण्याचा पेला विचारायच्या आधी मोरी दाखवायची ही कुठली रीत?

तेवढ्यात आतून बाईंच्या आई आल्या. सत्तरीच्या, ताठ, कपाळ मोकळं.

"काहून वं सुलोचना? पाहुणीले उन्हात उभी करून ठेवली?"

"आई, तिच्या कपड्यात ते किडे असू शकतात. आंघोळ करू दे, मग ओसरीवर बसेल. घरात उद्या."

आई माझ्याकडे बघत राहिल्या. माझं आडनाव त्यांना आधीच कळलेलं असणार, आणि त्या आडनावावरून आमच्या घराची जात, पेठ आणि देव्हारा कुणालाही सांगता येतो. मग त्या हसल्या. ते हसू कडू नव्हतं, अगदी गोडही नव्हतं.

"पुण्याची बाई आमच्या दारात भायेर उभी," त्या म्हणाल्या. "माह्या सासूले सांगतलं असतं त तिनं मले येडी म्हटलं असतं."

"आई, हे ते नाही."

"मले समजत नाही का, हे ते नाही म्हणून? कवापर्यंत हाय मंग हे?"

"उद्या सकाळपर्यंत. तिचे नमुने साफ निघाले की झालं."

"मंग ठीक हाय," आई म्हणाल्या. "आमाले कोनी कवापर्यंत ते सांगतलंच नाही."

माझा राग तिथेच विरला. मी मोरीकडे गेले आणि केस दोनदा धुतले.

आंघोळ करून ओसरीवर आले तर ताटात ज्वारीची भाकर, झुणका, मिरचीचा ठेचा आणि कैरीचं पन्हं होतं. आमच्याकडे ठेचा म्हणजे ताटाच्या कडेला लावायची गोष्ट. इथे ती भाजी असते. माझ्या डोळ्यांतून पाणी येत असताना बाईंनी विचारलं, "लॅबमधलं काही आणलं नाही ना?"

"काही नाही," मी म्हणाले. "फक्त थर्मास. बर्फातून नळी न्यायला लागेल म्हणून. साबणाने धुऊन आणलाय."

बाईंचा घास हातातच राहिला. रुंद तोंडाचा तो थर्मास आमच्या लॅबमध्ये एकच, त्यामुळे तो घेण्याशिवाय मला दुसरं सुचलंच नव्हतं. साडी, चप्पल, पेन सगळं पाळलं आणि ज्या थर्मासमधून आम्ही रोज नळ्यांसाठी बर्फ आणायचो तोच काखोटीला मारून आले. ही चूक फक्त आमच्या धंद्यातला माणूसच करू शकतो. आम्हाला बशा आणि नळ्या दिसतात, थर्मास हे आम्हाला भांडं वाटतं.

"कुठे आहे?"

दाराशी ठेवला होता. आता तिथे नव्हता.

"तो चांगला डबा का?" आई आतून म्हणाल्या. "त्याच्यात ताक भरून देलं न मनोहरले. त्याले लयच उन्हाळा लागते तिकडं."

मनोहर म्हणजे बाईंचा धाकटा भाऊ. हिंगण्याच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला होता. मी मोरीत शिकेकाईने डोकं घासत असताना तो आमच्या लॅबचा थर्मास घेऊन कंपनीच्या बसमध्ये चढला होता. बाई रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत धावल्या, पण बस गेली होती.

परत येऊन त्या ओसरीच्या पायरीवर बसल्या आणि हिशेब करू लागल्या. थर्मासला आईंचा हात लागला. आईंनीच बाईंचा संध्याकाळचा डबा भरला. त्या डब्याची पिशवी बाई रोज कॉलेजात नेतात. त्या पिशवीतून आगंतुक लॅबमध्ये शिरला तर नागपुरातली ती एकच शुद्ध नळीही संपली.

"मी अजून गेले नाहीये," त्या म्हणाल्या. "आज मी लॅबमध्ये जाणार नाही."

मग त्यांनी ओल्या कापसाचे बोळे आणले. माझे केस, माझे तळवे, आईंचे तळवे, डब्याचं झाकण, पिशवीचा बंद. आई हात पुढे करून बसल्या होत्या. "पाह्य, नीट पाह्य," त्या म्हणत होत्या. "दोन खेप राखेनं घासला तुहा डबा, मंगच ताक भरलं."

बाईंच्या कॉलेजच्या आवारात, लॅबपासून दूर, पूर्वी माळ्याची खोली होती. बाहेरून आलेली प्रत्येक गोष्ट आधी त्या खोलीत तपासायची असा त्यांचा नियम. तिचं नाव त्यांनी ठेवलं होतं नाका. नमुने त्या नाक्यावर घेऊन गेल्या, जिवाणूंच्या बशांवर टेकवले आणि बशा फळीवर ठेवून आल्या. पुण्यात आम्हाला बशा उबवायला विजेची पेटी लागते. नागपुरात एप्रिल पुरतो.

वाडी

त्या रात्री मी ओसरीवर झोपले, म्हणजे पडून राहिले. सकाळी बाई नाक्यावर गेल्या आणि तासाभरात परत आल्या. त्यांनी लांबूनच हात हलवला. माझे केस साफ, तळवे साफ, आईंचे हात साफ, पिशवी साफ. एकाही बशीत भोक नव्हतं. मी एवढा सुस्कारा सोडला की शेजारच्या बाईने मान वर करून बघितलं.

थर्मास मात्र अजून बाकी होता. मनोहर तो घेऊन आला होता आणि बहिणीच्या धाकाने त्याने तो अंगणाच्या भिंतीवरच ठेवला होता. त्याच्या झाकणाच्या खाचेतला नमुना घेतला. त्या बशीला संध्याकाळ होणार होती.

तोवर बसून काय करायचं, म्हणून बाई मला अमरावती रोडवर वाडीला घेऊन गेल्या. मुंबईहून त्यांच्या काचेच्या बशांची पेटी ट्रान्सपोर्टने यायची होती. वाडी म्हणजे गोदामंच गोदामं, उभे ट्रक, डिझेलचा वास आणि ताडपत्रीच्या सावलीत झोपलेले क्लीनर. मुकादमाने पेटी दाखवली. बाईंचं नाव, बाईंचा पत्ता. उघडली तर आत सायकलच्या घंट्या. पेटीभर, कागदात गुंडाळलेल्या.

"मॅडम, गलती हो गई," मुकादम म्हणाला. "तुमचा माल अकोल्याच्या गाडीत चढला असंल. तिकडच्या सायकलवाल्याले तुमच्या बश्या भेटल्या असतील."

मी असते तर भांडले असते. बाईंनी एक घंटी उचलली, वाजवली आणि माझ्याकडे बघून पहिल्यांदाच हसल्या.

"आपला फाज हेच करून राहिला ना," त्या म्हणाल्या. "खोकं आपलं, पत्ता आपला, आत माल दुसऱ्याचा. आणि तो सायकलवाला आता त्या बशांचं काय करून राहिला असेल कोण जाणे."

मग त्या मुकादमाकडे वळून शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, आमच्या धंद्यात याच्यावर पीएचडी भेटते. तुमच्या धंद्यात चालत नाही. परवापर्यंत बश्या पाहिजेत."

येताना टपरीवर तर्री-पोहे खाल्ले. पोह्यांवर चण्याचा लाल रस्सा ओततात. आमच्याकडे पोह्यांवर खोबरं असतं आणि ते खाताना माणूस बोलू शकतो.

संध्याकाळी थर्मासची बशी पाहिली. चाळणी. आगंतुक आमच्या लॅबमधून साबण, राख आणि ताक पचवून हिंगण्याची पाळी करून आला होता. तो थर्मास बाईंच्या लॅबमध्ये गेला असता तर काय झालं असतं याचा विचार मी अजूनही पूर्ण करत नाही. बाईंनी तो उचलून उकळत्या पाण्यात घातला, मग दोन दिवस उन्हात ठेवला, पुन्हा तपासला आणि साफ निघाल्यावर मला परत द्यायला लागल्या. आई मध्ये पडल्या.

"तो राहू दे आता. पोराले ताक नेवाले बरा हाय. तुमच्या तिकडं जाऊन पुन्हा नासवसान."

आमच्या लॅबच्या साहित्यात आज एक थर्मास कमी आहे तो असा.

सदर

वाडीला गेलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सदरचा बाजार ओलांडून आम्ही कॉलेजात गेलो. लॅबच्या दाराबाहेर एका पाटावर चपला, खुंटीला धुतलेले कोट, कोपऱ्यात पाण्याची बादली. प्राचार्यसुद्धा इथे चपला काढून हात धुऊन कोट घालतात, असं बाईंनी सांगितलं, आणि एकदा एक मंत्री पाहणीला आले तेव्हा त्यांनाही थांबवलं होतं. ते रागावून परत गेले. बाईंना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही.

आत गेल्यावर त्यांनी कपाटातून एक नळी काढली. तळाशी क्लोरोफॉर्मचा थेंब, वर किंचित पिवळट पाणी. इतकंच. एवढ्यासाठी मी रात्रीच्या रात्री जागले होते. बाईंनी त्यातून थोडा फाज काढून नव्या जिवाणूंवर वाढवला, आणि दोन दिवसांनी त्यांच्या बशीवर आमच्या फाजची ओळखीची, बारीक, धूसर भोकं दिसली. आगंतुकाचं मोठं, लख्ख भोक एकही नव्हतं. मी बशी खिडकीकडे धरून बघतच राहिले.

"रडू नका," बाई म्हणाल्या. "बशीत पडेल."

नळी न्यायची कशी, हा प्रश्न उरला होता. थर्मास आईंचा झाला होता. त्या उन्हात नुसत्या पिशवीत फाज पुण्यापर्यंत तगला नसता. बाईंनी मातीची सुरई काढली. नळीच्या बुचावर मेण ओतलं, गळ्याला दोरी बांधली आणि नळी सुरईच्या पाण्यात सोडली. सुरईला बाहेरून ओलं फडकं गुंडाळायचं आणि ते वाळू द्यायचं नाही. त्या स्वतः अशाच नळ्या घेऊन उन्हाळ्यात प्रवास करत आल्या होत्या.

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा त्या घराच्या चुलीपर्यंत गेले. बोलावलं नव्हतं, आईंनी मनगट धरून नेलं. चुलीवर मडकं उपडं घातलं होतं. कणीक पाण्यात आपटून आपटून इतकी सैल केलेली की ती हातावर ओघळत होती. आईंनी ती एका हातावरून दुसऱ्या हातावर घेत कोपरापर्यंत पसरवली आणि ती रुमालाएवढी रोटी मडक्यावर अलगद टाकली.

"कर वं आता तू."

माझी रोटी मडक्यापर्यंत पोचलीच नाही. अर्धी कोपरावर, अर्धी चुलीत. आई इतक्या हसल्या की त्यांना भिंतीला टेकावं लागलं. मटणाचा रस्सा मी खात नाही म्हणून माझ्यासाठी वांग्याची भाजी होती. "पुढच्या खेपेले थेट आत ये," त्या म्हणाल्या. "पन डबा आनू नको."

पुणे

परत आल्यावर जुन्या लॅबमध्ये मी पाऊलही ठेवलं नाही. भौतिकशास्त्र विभागाने त्यांची एक रिकामी खोली दिली. दाराबाहेर पाट, खुंटी, बादली. जुन्या लॅबमधली टाचणीसुद्धा आत आणली नाही. माझा नवरा म्हणाला की घरात एक सासूबाई होत्याच, आता दुसरी तयार झाली.

नागपूरच्या फाजला मी आधी नाजूक जिवाणूवर वाढवलं, म्हणजे त्याने घाईघाईत चुका कराव्यात, आणि मग तो दणकट जिवाणूवर सोडला. दणकटाला एक अन्नघटक स्वतः बनवता येत नव्हता, आणि तो बनवणारा जीन माझ्या जीनच्या अगदी शेजारी बसलेला होता. तो घटक नसलेल्या साध्या अन्नाच्या बशीवर जो वाढेल त्याला शेजारी मिळाला, आणि शेजाऱ्याबरोबर बहुतेकदा माझा जीनही आला, असा सगळा मामला. ज्या बशीत फाज घातला नव्हता ती दोन दिवसांनी कोरीच होती. दुसऱ्या बशीवर पांढरे ठिपके उठले होते. त्यातले बरेचसे विकर बनवत होते.

मी स्टुलावर बसले आणि पदर तोंडाला लावला. बाईंना तार केली: चुकलेला माल पोचला.

दुपारी सर आले. तडक जुन्या लॅबमधून, अंगावर कोट, पायांत चपला. उंबरठ्यावर पाय टाकणार तोच मी म्हणाले, "थांबा सर. आत येऊ नका."

सर थांबले. त्यांना असं कधी कुणी म्हटलं असेल असं मला वाटत नाही. त्यांच्या घरी दुसऱ्यांना असं म्हटलं गेलं असेल, ते मी धरून चालते, कारण आमच्याही घरी म्हटलं गेलंय. मी दार लोटलं आणि बशी आतून दाराच्या काचेला लावून दाखवली. सरांनी चष्मा पुसला, वाकले, खूप वेळ पाहत राहिले. त्यांचे ओठ हलत होते, ठिपके मोजत असावेत.

"हातात घेऊन पाहायचंय मला," ते म्हणाले. "किती वेळ असं बाहेर उभं राहायचं?"

"कोट आणि चपला तिकडेच ठेवा, घरी जाऊन डोक्यावरून आंघोळ करा, धुतलेले कपडे घाला," मी म्हणाले. "उद्या सकाळपर्यंत, सर."

त्यांनी मान हलवली. कोट काढून हातावर घेतला आणि जिना उतरून गेले.

सकाळी लवकर येऊन मी खिडकीजवळ त्यांच्यासाठी स्टूल ठेवलं, बशी खिडकीच्या कट्ट्यावर काढून ठेवली आणि दार उघडं ठेवलं.